माझं आढं डोंगरावर होतं

मी तंबू बोलतोय. खरं तर तंबूचं नुसतं कापड बोलतंय, कारण माझं आढं आणि माझे वासे आता राहिलेले नाहीत. मला बोलायची सवय नाही. आयुष्यभर मी माणसांचं ऐकलं आणि त्यांचा वारा अडवला, एवढंच. त्यामुळे सांगताना काही मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

अमेरिकेत, मोंटानातल्या एका गावात खोगिरं आणि ताडपत्र्या शिवायचं दुकान होतं. तिथे एका जाड बोटांच्या बाईने मला शिवलं. पांढरं, भरड कापड, चार उभ्या भिंती, उतरतं छप्पर आणि छपरात धुराड्यासाठी गोल भोक. मला न्यायला ऑरिन आणि व्हर्ना आले, तेव्हा त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. व्हर्नाने मला उलगडलं, नाक खुपसलं आणि म्हणाली, "ऑरिन, याला ओल्या कुत्र्याचा वास येतोय."

"माझ्या अंगालाही येतो. तरी केलंस ना लग्न?"

व्हर्ना इतकी हसली की शिवणाऱ्या बाईला मशीन थांबवावी लागली. मला वाटलं, बरी माणसं मिळाली.

ऑरिन लाकडाच्या गिरणीत कामाला होता, व्हर्ना शाळेच्या स्वयंपाकघरात. स्वतःची जमीन म्हणाल तर घरामागे बटाटे लावण्यापुरती. पण गावाच्या वर सरकारी डोंगर होता आणि त्यावर एल्क होते. एल्क म्हणजे सांबरच, फक्त घोड्याएवढं. एक मिळाला की त्यांच्या घरी वर्षभराचं मांस व्हायचं. व्हर्ना म्हणायची, "आपल्याकडे काही नाही असं कोण म्हणतं? एवढा मोठा डोंगर आहे की!"

डोंगराच्या पायथ्याशी कॉर्टिस नावाच्या म्हाताऱ्याची कुरणं होती. वर जायची वाट त्याच्या फाटकातून जायची. फाटकाचा आमच्याकडे एकच नियम होता. उघडं दिसलं तर उघडं ठेवायचं, बंद दिसलं तर आपल्यामागे बंद करायचं. कॉर्टिस ट्रॅक्टरवरूनच ओरडायचा, "ऑरिन, यंदा तरी नेम धरून मार! गेल्या साली नुसते बार काढून माझ्या गायी बहिऱ्या केल्यास."

"तुझ्या गायी तुझं बोलणं ऐकून बहिऱ्या झाल्यात," व्हर्ना म्हणायची आणि त्याच्या हातात रानबेरीच्या मुरंब्याची बरणी द्यायची. वसंतात ऑरिन त्याच्या कुंपणाच्या तारा ओढून द्यायचा. कागदावर कधी काही लिहिलं गेलं नाही.

फाटकापासून अर्धा दिवस चढलं की एक लहानसं गवताळ मैदान लागायचं. शेजारी ओढा आणि कडेला एक जुनं, भलंमोठं, देवदारासारखं फरचं झाड. पहिल्या वर्षी ऑरिनने वासे तोडले, पण आढ्याला त्याने हात लावताच व्हर्नाने कुऱ्हाड काढून घेतली. "घर माझं, तर आढंही मीच तोडणार." तिने सरळसोट, लॉजपोल जातीचा पाइन निवडला, पाडला, आणि मांडीवर घेऊन सुरीने त्याची साल काढली. हाताला डिंक चिकटला तो आठवडाभर निघाला नाही. मग मला त्याच्यावर चढवलं. मी पहिल्यांदा ताठ उभा राहिलो तो त्या आढ्यामुळे.

निघताना मला उतरवून, घडी घालून घरी आणायचे. पण आढं आणि वासे तिथेच राहायचे, त्या फरला उभे टेकवून. बुडखे कुजू नयेत म्हणून खाली सपाट दगड. आमच्या खोऱ्यात ही सगळ्यांचीच रीत. झाडाला टेकवलेले वासे दिसले की इथे कुणाचं तरी बिऱ्हाड आहे असं समजायचं आणि पुढे जायचं. कुणी काडीला हात लावत नसे. मी वर्षभर गॅरेजमधल्या खुंटीवर लटकून राहायचो. माझं कातडं गावात आणि हाडं डोंगरावर. पण काळजी नव्हती. शरद ऋतू यायचा आणि आम्ही भेटायचो.

माझ्या पोटातल्या शेगडीवर किती वेळा कांद्याबरोबर कलेजी परतली गेली! मार्नी, त्यांची मुलगी, माझ्या सावलीत रांगली. पहाटे दूर कुठेतरी एल्कचा नर शीळ घालायचा आणि सगळे श्वास धरून बसायचे. व्हर्ना रोज बूट चढवताना तोल सांभाळायला एक हात वर करून आढं धरायची. वर्षानुवर्षं तोच हात, तीच जागा. तिथलं लाकूड काचेसारखं गुळगुळीत झालं होतं. तिथे माझं कापड टेकलं की मला कळायचं, हे व्हर्नाचं ठिकाण.

एका हिवाळ्यात व्हर्ना गेली. त्यानंतरच्या शरदात मला कुणी खुंटीवरून काढलं नाही.

पुढच्या वर्षी ऑरिनने मला ट्रकमध्ये टाकलं. मार्नी चालवत होती. मधल्या काळात कॉर्टिसही वारला होता आणि त्याच्या पोरांनी कुरणं विकली होती. जुन्या लाकडी फाटकाच्या जागी लोखंडी फाटक आलं होतं, त्याला कुलूप होतं आणि वर कॅमेरा. कुंपणाचे खांब नारिंगी रंगाने रंगवले होते. आमच्याकडे त्या रंगाचा अर्थ लहान मुलालाही कळतो : आत पाऊल टाकायचं नाही.

ऑरिन खाली उतरला. त्याने कुलूप एकदा ओढून पाहिलं. मग परत येऊन बसला. "बंद दिसलं," तो म्हणाला, "बंद ठेवायचं."

मार्नीने नव्या मालकाच्या माणसांना फोन केले, विनवण्या केल्या. उत्तर फार अदबीने आलं आणि ते नकाराचं होतं. मालक वर्षातून काही दिवस छोट्या विमानाने यायचा. डोंगर त्याचा नव्हता, तो सगळ्यांचाच होता. पण डोंगरावर जायची वाट आता त्याची होती.

खोऱ्यात एकेक करून अशीच फाटकं बंद झाली. शेवटी सगळ्यांसाठी पलीकडचा एकच सरकारी रस्ता उरला आणि सगळा जिल्हा तिथे लोटला. बाहेरगावचेही आले. ट्रकला ट्रक चिकटलेला, जनरेटरची घरघर, पायवाटेवर कुत्री. मला तिथे लोखंडी नळ्यांवर लावलं. त्या नळ्या थंड होत्या आणि रात्रभर कुरकुरायच्या. माझ्या दोरांतून शेजारच्यांचे दोर गेले होते.

"ओ काका, तुमचा दोर माझ्या ट्रकखाली आलाय."

"दोर इथेच होता, पोरा. ट्रक आलाय."

उजाडायच्या आधी डोक्यावरचे दिवे लावून माणसांची रांग उतार चढायची. पहिला बार झाला की एल्क कड्यावरून पलीकडे उतरायचे. त्यांनाही कुंपण कळलं होतं. परतताना मार्नीने कॉर्टिसच्या जुन्या कुरणाजवळ गाडी थांबवली. नारिंगी खांबांच्या आत कळपच्या कळप निवांत रवंथ करत बसले होते.

"बाबा, दुर्बीण देऊ?"

"नको. दिसतायत."

दोन-तीन शरद असेच गेले. घरात मांस आलं नाही. ऑरिनचे गुडघे गेले, मग छातीचं काहीतरी निघालं. त्याने मार्नीकडे एकच गोष्ट मागितली. "एकदा व्हर्नाच्या आढ्याखाली झोपायचंय. बंदूक नाही घेतली तरी चालेल."

मार्नीने एक खेचर आणि एक गरीब घोडी उसनी आणली. गेल्या शरदात आम्ही पलीकडच्या बाजूने निघालो, कड्यावरून वळसा घालून. वाटेत एक मुक्काम. मी खेचराच्या पाठीवर होतो.

"बाबा, दुखलं तर सांगा हं."

"दुखतंय. चल."

प्रत्येक पाणवठ्यावर कुणाचा ना कुणाचा तंबू होता. पण मी मनात म्हणत होतो, आमचं मैदान फार आत आहे, तिथवर कोण येतंय! मला माझ्या हाडांची ओढ लागली होती. व्हर्नाच्या त्या गुळगुळीत जागेवर कापड टेकवायचं, बस्स.

दुपार कलताना मैदान दिसलं. बर्फ भुरभुरत होतं. आणि धूर दिसला.

दोन इवलेसे नायलॉनचे तंबू होते आणि दोन तरुण. एकाचं नाव ब्रॅडी. दूरच्या शहरातून आले होते, सगळं सामान पाठीवर वाहून. खाली पाय ठेवायला जागा नव्हती म्हणून चढत चढत इथवर पोचले होते. त्यांची बोटं निळी पडली होती. ऑरिनला पाहताच ब्रॅडी धावत आला आणि त्याने घोडी धरली. "या काका, उतरा, शेका आधी! कॉफी आहे."

मी फरच्या झाडाकडे पाहिलं. तिथे काही टेकवलेलं नव्हतं. नुसते सपाट दगड होते.

"लाकूड झकास मिळालं," ब्रॅडी सांगत होता. "कुणीतरी सुकवून, झाडाला टेकवून ठेवलं होतं. देवमाणूस असणार. नाहीतर काल आम्ही गारठून मेलो असतो."

शेकोटीत एक लांब ओंडका होता. एका टोकाने जळत होता आणि जळेल तसा ते त्याला आत सरकवत होते. बाहेर राहिलेल्या भागावर एक जागा काचेसारखी चमकत होती.

मार्नीचा आवाज फुटला. "अरे, ते सरपण नव्हतं, ते—"

ऑरिनने तिची बाही धरली. मग तो सावकाश शेकोटीजवळ बसला. "पहिलीच शिकार का, पोरांनो?"

"हो काका. अजून एल्कचं शेपूटसुद्धा दिसलं नाही. सगळी जनावरं म्हणे खाली त्या श्रीमंताच्या कुरणात आहेत."

"हं." ऑरिनने हातमोजा काढला आणि त्या चमकणाऱ्या जागेवर तळहात ठेवला. आच जवळ येईपर्यंत तसाच ठेवला. "लॉजपोल आहे," तो म्हणाला. "धूर कमी, ऊब जास्त. चांगलं जळतं." आणि त्याने स्वतःच्या हाताने आढं आत सरकवलं.

मार्नी पाठ फिरवून खेचराजवळ गेली आणि माझी दोरी सोडत बसली. एकच गाठ, पण तिला सुटेना.

"काका, तंबू लावायला मदत करू?"

"नको रे. खांब आणायचे विसरलो."

दुसरा पोरगा हसला. मनाने वाईट नव्हता. "तंबू आणला आणि खांब विसरलात?"

"म्हातारपण," ऑरिन म्हणाला.

त्या मैदानात मी पहिल्यांदाच आडवा झोपलो. अर्धा ऑरिन आणि मार्नीच्या खाली, अर्धा वर. धूर माझ्या विणीत शिरत राहिला आणि मी त्याला अडवलं नाही.

सकाळी मार्नी म्हणाली, "मी नवीन आढं तोडते, बाबा. टेकवून ठेवू."

"कुणासाठी?" त्याने विचारलं. तिने कुऱ्हाड परत ठेवली. खेचराला खोगीर घातलं आणि आम्ही उतरलो.

हिवाळा संपत आला तसा ऑरिन अंथरुणातून उठेनासा झाला. एक दिवस त्याने मार्नीला मला आणायला सांगितलं. तिने मला त्याच्या पांघरुणावर पसरलं. "बाबा, याला अजून धुराचा वास येतोय. धुऊन आणू?"

"धुऊ नकोस. ओल्या कुत्र्याचा तर येत नाही ना?"

ती हसली, तो हसला, मग खोकला. माझी कड हनुवटीपर्यंत ओढून त्याने डोळे मिटले. "झोपतो आता," तो म्हणाला, "आढ्याखाली." दोन दिवसांनी तो गेला.

आता मी पुन्हा खुंटीवर आहे. शेजारच्या खुंटीवर ऑरिनचा लोकरी कोट आहे. मार्नीने मला धुतलेलं नाही. कधी कधी ती गॅरेजमध्ये येते, माझ्या घडीत तोंड लपवते आणि जाते. व्हर्नाचं आढं आता या धुराच्या वासाएवढंच उरलंय आणि ते माझ्यात आहे. तेही दरवर्षी थोडं थोडं उडून जाईल.

ब्रॅडीवर माझा राग नाही. त्याला ऊब हवी होती, आणि ती द्यायला तर मला शिवलं होतं. फाटकालाही मी काय म्हणू? ते लोखंड आहे, सांगितलं तसं उभं राहतं. तुम्हाला मात्र एक सांगतो. रानात कुठे झाडाला टेकवलेले वासे दिसले, तर कितीही थंडी असो, ते जाळू नका. ते कुणी विसरलेले नसतात. खाली गावात कुणीतरी त्यांचं कापड घडी करून ठेवलेलं असतं, आणि मध्ये एक कुलूप असतं.