खंडाचा दिवस

“आज काहून उठले जी एवढ्या लवकर?” प्रेमिलानं विचारलं. “आज तं तुम्ही कोणीच नाही.”

ती टोमणा मारत नव्हती. संशोधन संस्थेचा नियमच सांगत होती. तिच्या नवऱ्याची, डॉ. रुपराव बोरकुटे यांची फेलोशिप दर वर्षी चौदा मेला संपत असे आणि सोळा मेला नव्यानं सुरू होत असे. मधला पंधरा मे म्हणजे सेवेतला खंड. सलग काम झालं तर माणूस कायम करा म्हणेल, म्हणून वर्षातून एक दिवस त्याला अधिकृतपणे नाहीसा करायचा, अशी ही सोय होती. पीएच.डी. झाल्यापासून रुपराव सहा वेळा नाहीसे होऊन परत आले होते. आजची सातवी वेळ. वय अडतीस. डोक्यावरचे केस तेवढे खंड न पडता जात होते.

“ताटी भिजवा लागते,” ते म्हणाले.

“अन् आत कसे जासान?”

“आत जातो कुठं. बाहेरून मारतो पाणी.”

संत्र्याच्या बागांवर कोळशी पडते, पानं काजळी धरतात. ही कोळशी आणणाऱ्या काळ्या माशीला संपवणारी, खसखशीच्या दाण्याएवढी एक गांधीलमाशी रुपरावांनी बागा पालथ्या घालून शोधली होती. संस्थेच्या सात नंबरच्या खोलीत, मलमलीच्या पिंजऱ्यांत, तिच्या पन्नासेक पिढ्या त्यांनी वाढवल्या. त्यावर विभागप्रमुख साहेबांनी चार निबंध लिहिले. म्हणजे लिहिले रुपरावांनी, नाव साहेबांचं आधी. यंदा पावसाळ्यात या गांधीलमाश्या बागांत सोडायच्या होत्या. त्या जगल्या तर एक कायम जागा निघेल, असं साहेब म्हणाले होते. तसं ते दर वर्षी म्हणत, पण यंदा चहा पाजून म्हणाले होते.

माशीला दोनच गोष्टी लागत, मधाचे थेंब आणि गारवा. दोन दिवस पुरेल एवढा मध रुपराव आदल्या संध्याकाळी ठेवून आले होते. गारवा मात्र पश्चिमेच्या खिडकीवरच्या वाळ्याच्या ताटीतून येई, आणि नागपूरच्या मे महिन्यात ती ताटी अर्ध्या तासात वाळे. ती दिवसभर कोरडी राहिली की पन्नास पिढ्या संपल्या.

आजवर ते खंडाच्या दिवशीही गुपचूप येऊन काम करत. यंदा मधुकरराव नावाचे नवे अधीक्षक आले होते. कुठल्याशा संस्थेत एका फेलोनं खंडाच्या दिवशी काम केल्याचं कोर्टात सिद्ध केलं आणि तो कायम झाला, हे त्यांच्या वाचनात आलं होतं. त्यांनी सात नंबरला कुलूप घातलं आणि कुलपावर लाखेची मोहर उठवली.

वाडीहून ट्रकांच्या धुरातून सायकल मारत रुपराव संस्थेच्या मागच्या अंगाला पोचले, तेव्हा आठ वाजले होते. ताटी कोरडी ठाक होती. खिडकीखाली मारोतराव शिपाई बिडी ओढत बसला होता.

“शालिकराम वॉटरमन आजबी पाणी मारायले आला नाही काय गा?”

“तो येत नाही आता. कळमेश्वरच्या कारखान्यात लागला. परमनंट.” मारोतरावनं बिडी विझवली. “अन् तुम्ही काहून आले डॉक्टरसाहेब? मधुकररावनं पाहिलं तं तुमची नेमणूक गेली समजा.”

“ताटी वाळून राहिली.”

“मी मारलं असतं, पण माह्या कंबरेचं तुम्हाले माहीत आहे.” मारोतरावनं ताटीला बोट लावून पाहिलं. “असं करू. शालिकरामच्या जागी बदली वॉटरमन दाखवतो. डोक्याले दुपट्टा गुंडाळून घ्या. तसंही तुमच्याकडं कोण पाहते?”

हे रुपरावांना पटलं. दुपट्टा गुंडाळल्यावर ते जरा भारदस्तच दिसू लागले.

मारोतराव मस्टर घेऊन आला. “इथं अंगठा लावा.”

रुपरावांनी सात वर्षांत मस्टर जवळून पाहिलं नव्हतं. फेलोचं नाव मस्टरवर नसतं. तो आला काय, न आला काय, कार्यालयाचं काही अडत नाही. आणि इथं तर तांबड्या रेघांचा एक चौकोन त्यांची वाट पाहत होता. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि सावकाश, वळणदार सही केली. डॉ. रुपराव बोरकुटे, पीएच.डी.

मारोतराव बराच वेळ त्या सहीकडे बघत राहिला. “अंगठा म्हटलं होतं जी मी.”

“मले सही येते,” रुपराव म्हणाले.

दिवसभर त्यांनी पाणी मारलं. दुपारी साहेब एका पाहुण्याला घेऊन व्हरांड्यात आले आणि म्हणाले, “ताटी वरच्या कडेपासून भिजव रे. नुसती मधे मधे नको.” रुपराव “हो जी” म्हणाले. संध्याकाळी ताटीच्या फटीतून त्यांनी आत पाहिलं. मलमलीवर काळे ठिपके हलत होते.

सोळा तारखेला मधुकररावांनी त्यांना बोलावलं. टेबलावर मस्टर उघडं होतं.

“ही सही आपली?”

“हो.”

“म्हणजे पंधरा तारखेला आपण संस्थेच्या सेवेत होता.”

“वॉटरमन म्हणून होतो. फेलो म्हणून नाही.”

“सेवा ती सेवा. खंड पडलेला नाही. आणि खंड पडल्याशिवाय नवी नेमणूक देता येत नाही.”

“मग आज पाडा खंड.”

“आज कसा पाडणार? आज आपण मस्टरवर आहात. हंगामी वॉटरमन, सात जूनपर्यंत.”

रुपराव म्हणाले, “निदान खोली उघडा. आतला मध आज संपतो.”

“खोली फेलोची आहे. नवा फेलो येईपर्यंत मोहर काढता येत नाही.” मधुकरराव दुष्ट नव्हते. त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. “वॉटरमनचं काम बाहेरूनच असतं. त्यात आपली काही गैरसोय होऊ नये.”

रुपराव साहेबांकडे गेले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि विचारलं, “तुम्ही अंगठा का नाही लावलात?” मग ते पुन्हा वाचायला लागले.

घरी जेवताना त्यांनी प्रेमिलाला सगळं सांगितलं. ती ताटं उचलता उचलता म्हणाली, “सात जूनपर्यंत तं आहे न.”

सतराला फटीतून ठिपके हलताना दिसले. अठराला बरेचसे पिंजऱ्याच्या तळाशी होते. एकोणीसला रुपरावांनी डोळ्यावर हात धरून खूप वेळ पाहिलं.

वीस तारखेला सकाळी मारोतराव मस्टर घेऊन आला.

“आत काही हालत नाही आता, डॉक्टरसाहेब. मीबी पाहिलं. काहून मारता पाणी?”

मारोतरावनं मस्टर पुढं धरलं, आणि स्वतःच्या खिशातलं पेनही. रुपरावांनी पेन परत दिलं आणि अंगठा शाईच्या गादीवर टेकवला.

मग त्यांनी बादली उचलली आणि ताटीवर पाणी मारायला सुरुवात केली, वरच्या कडेपासून, साहेबांनी सांगितलं होतं तसं. वाळ्याचा वास सुटला. उन्हाची झळ ताटीतून आत शिरत होती. खोलीत चांगलं गार झालं असणार.