सहा पाकळ्या

धाकटी जाऊ प्रयोगशाळेत कामाला. लसूण महिनोन्महिने मुरवला की त्यात गंधकाचं एक अमिनो आम्ल तयार होतं, त्याची कॅप्सूल ती सासऱ्यांना रोज द्यायची आणि रक्तदाब वहीत टिपायची. दाब उतरायला लागला तसं म्हाताऱ्याला कोण कौतुक! आल्यागेल्याला वही दाखवायचे. थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. पंधरा वर्षं बेताच्या मिठाचं रांधून घालतेय ती काय झक मारायला?

मग तिनंही कंबर कसली. रोज सकाळी कच्च्या लसणाच्या सहा पाकळ्या ठेचायच्या, दहा मिनिटं तशाच ठेवायच्या आणि दह्यात कालवून सासऱ्यांना द्यायच्या. "धाकटीला सांगू नका हं, बाबा." म्हातारा मिटक्या मारत खायचा. दाब आणखी उतरला आणि कौतुक पुन्हा धाकटीचंच! म्हणजे राबायचं हिनं आणि मिरवायचं तिनं. पण बोलणार कुठल्या तोंडानं?

आज सासऱ्यांची दाढ काढायची होती. दोघी सोबत आल्या होत्या. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "रक्त पातळ होईल असं काही चालू आहे?"

"लसणाची कॅप्सूल होती, ती आठवड्यापूर्वीच बंद केली," धाकटी म्हणाली. "त्यानं रक्त लवकर थांबत नाही ना."

बंद केली? थोरलीला कुणी सांगितलंच नव्हतं. आज सकाळीही वाटी चाटूनपुसून रिकामी झाली होती. सांगावं तर अब्रू जाणार, न सांगावं तर म्हातारा रक्तानं भिजणार. डॉक्टरीणबाईंनी सुई उचलली.

"थांबा!" ती ओरडलीच. "मी देतेय कच्चा लसूण. तीन महिने झाले."

सासरे आढ्याकडे बघायला लागले. डॉक्टरीणबाईंनी सुई खाली ठेवली, लसूण बंद करायला सांगितला आणि दहा दिवसांनी बोलावलं.

दाब नेमका कशानं उतरला, ते आता कळायचं नव्हतं. बाहेर बाकावर धाकटीनं वही उघडली आणि तीन महिन्यांच्या पानांवर एकेक करून काट मारली. हेच तर हवं होतं थोरलीला. तरी तिची मान वर होईना.

"मला सांगायचंत ना, ताई," धाकटी म्हणाली. "दोघींनी मिळून केलं असतं."

"तू विचारलंस कधी? कॅप्सूल बंद केलीस, तेही सांगितलं नाहीस. त्यांच्या पोटात काय जातं ते रांधणारीलाच ठाऊक असतं ना गं?"

धाकटीनं वहीचं कोरं पान काढलं आणि वही थोरलीपुढे सरकवली.