डायनॅमो उतरला

मुख्तारमियाँनी पान्याला शेवटचा हिसका दिला, पट्टा सैल झाला आणि एकोणसाठ वर्षं इंजिनाला चिकटून बसलेला डायनॅमो त्यांच्या हातात आला. तो फडक्यावर ठेवून त्यांनी धनंजयरावांकडे पाहिलं.

"देख लीजिए, पाटणकर साहब. बाद में मत कहिएगा कि बिना पूछे निकाल दिया."

धनंजयरावांनी मान हलवली. ती 'हो' म्हणून की 'नाही' म्हणून, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

बँकेने सांगलीहून लखनौला बदली केली, त्या वर्षी त्यांनी ही फियाट घेतली होती, तेव्हाच एकवीस वर्षं जुनी. डायनॅमोचा स्वभाव सरळ होता: गाडी पळाली तर वीज, थांबली की सत्याग्रह. हजरतगंजच्या सिग्नलला दिवे मिणमिणत आणि बॅटरी उतरत जाई. दर दोन-तीन महिन्यांनी कधी कार्बन झिजलेला निघे, कधी आणखी काही, आणि धनंजयराव इंदिरानगरहून कैसरबागेत मुख्तारमियाँच्या दुकानी हजर होत. काम अर्ध्या तासाचं. परतायला मात्र दुपार उलटे.

"सगळ्या जगाने डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवले," मालिनीताई म्हणत, "खोड गाडीत नाही, तुमच्यात आहे."

खोटं नव्हतं. निवृत्तीनंतर धनंजयरावांची वाट पाहणारं या शहरात ते एकच ठिकाण उरलं होतं. पण मित्र हा शब्द दोघांनीही कधी वापरला नव्हता. गिऱ्हाईक आणि मिस्त्री एवढंच नातं, तेही डायनॅमोच्या आधाराने उभं. म्हणून गेल्या आठवड्यात मुख्तारमियाँनी आपण होऊन अल्टरनेटरचा विषय काढला, तेव्हा धनंजयरावांना ते लागलं होतं.

अल्टरनेटर मारुतीतला होता. त्याच्यासाठी मुख्तारमियाँनी लोखंडी पट्टी कापून, भोकं पाडून ठेवली होती. पट्टा सरळ बसतोय ना, हे त्यांनी दोनदा दोरी लावून पाहिलं. मग गाडी सुरू केली. इंजिन नुसतं जागेवर गुरगुरत होतं, तरी समोरच्या भिंतीवर दिव्यांचा लख्ख उजेड पडला.

"अब बरसों कुछ नहीं माँगेगी," ते म्हणाले. "माँगे भी, तो किसी भी नुक्कड़ पर बन जाएगी."

"तो फिर हम किस बहाने आएँगे?" धनंजयरावांनी हसत विचारलं. हसू काही नीट जमलं नाही.

मुख्तारमियाँ हात पुसू लागले.

"हम दुकान बढ़ा रहे हैं, साहब. इसी महीने के आख़िर में."

धनंजयरावांचा चेहरा खुलला. आठ बाय दहाची ही टपरी अखेर मोठी होणार तर. ते तसेच नाक्यावर गेले आणि अर्धा किलो बर्फी घेऊन आले.

"मुबारक हो. बहुत पहले बढ़ानी चाहिए थी."

मुख्तारमियाँनी डब्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. एक बर्फी उचलून अर्धी तोडली, धनंजयरावांच्या हातावर ठेवली.

"आपकी दुआ है," ते म्हणाले.

घरी मालिनीताई मटार सोलत होत्या. धनंजयरावांनी बूट काढता काढताच बातमी दिली. मालिनीताईंचा हात थांबला.

"नक्की काय म्हणाले ते?"

"दुकान बढ़ा रहे हैं."

"अहो, आपला भाजीवाला गाडा झाकताना काय म्हणतो? चलिए भाभीजी, दुकान बढ़ाता हूँ."

धनंजयरावांच्या डोक्यात अजून उजेड पडला नव्हता.

"माझी बांगडी फुटली, तर मी फुटली म्हणते का?"

"वाढली म्हणतेस."

"तेच ते."

ते एक बूट हातात धरून बसून राहिले. "आणि मी त्यांना सांगून आलो, फार आधीच वाढवायला हवं होतं."

नवऱ्याची फजिती सहसा वाया न घालवणाऱ्या मालिनीताई या वेळी हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी धनंजयराव सकाळीच कैसरबागेत पोहोचले. गाडीला काही झालेलं नसताना येण्याची ही पहिलीच वेळ. मुख्तारमियाँ हत्यारं एका खोक्यात रचत होते.

"क्या हुआ? बेल्ट आवाज़ कर रही है?"

"गाड़ी ठीक है. माफ़ी माँगने आया हूँ. मैं समझा, दुकान बड़ी कर रहे हैं."

"मालूम है."

"तो टोका क्यों नहीं?"

मुख्तारमियाँनी एक पाना कागदात गुंडाळला. "जो आया, अफ़सोस करके गया. मुबारकबाद देने वाले आप अकेले थे. मिठाई हाथ में लिए आदमी को कैसे टोकते?"

धनंजयरावांना पुष्कळ काही बोलायचं होतं. घरून निघताना वाक्यं जुळवलीही होती, पण त्यातलं एकही आता आठवेना. ओळखीच्या अडतीस वर्षांत जे कधी विचारायची गरज पडली नव्हती, तेच तोंडून निघालं.

"आपका घर किस तरफ़ पड़ता है?"

मुख्तारमियाँचा हात खोक्यावर थांबला.

"ठाकुरगंज में. मगर गली तंग है, साहब. गाड़ी अंदर नहीं आएगी."

"पैदल आऊँगा," धनंजयराव म्हणाले.