दोन गल्ल्यांवरचं कॉलेज

नऊ-वीसची बस थांब्याला लागली आणि समोरची बाल्कनी बसच्या आड गेली. तेवढ्यात थांब्यावर उभी असलेली ती वळली आणि खांद्यावरची पिशवी घट्ट धरून थांब्यामागच्या गल्लीत शिरली. बस हलायच्या आत थांबा रिकामा व्हायला हवा होता. बाल्कनीच्या गजांतून तिची सव्वाचार वर्षांची मुलगी बसला हात हलवत असणार, आणि मागे उभ्या राहून सासूबाई 'गेली हो आई कॉलेजात' म्हणत असणार.

पुढच्या गल्लीत बाइंडरचं दुकान होतं. त्याच्या माळ्यावरची खोली तिने वर्षभरासाठी घेतली होती.

"आलात का परदेशातून?" खळीने भरलेला हात वर करून बाइंडरने विचारलं. हा विनोद तो रोज करी आणि रोज स्वतःच हसे.

परदेशाचं खरंच जमत आलं होतं. एका दूरच्या विद्यापीठाने बोलावलं होतं, राहायला जागा आणि बसायला टेबल देऊ केलं होतं. नवऱ्याने खुशाल जा म्हटलं, सासूबाईंनी मी आहे की म्हटलं. मुलीने काहीच म्हटलं नाही, कारण तिला कोणी विचारलंच नाही. नकाराचं पत्र तिने आपणहून लिहिलं आणि अभ्यासरजा घरीच घालवायची ठरवली. सासूबाई त्या रजेला सुट्टी म्हणत. पहिल्या आठवड्यात मुलगी बंद दाराशी बसून फटीतून एकेक चित्र आत सरकवत राहिली. शनिवारपर्यंत एकवीस चित्रं झाली आणि पुस्तकाचं दीड पान. तेव्हा, आई रोजच्यासारखी कॉलेजातच जाते असं मुलीला सांगायचं घरात ठरलं.

आता सात महिने उलटले होते. या रजेत पुस्तक झालं नाही तर दुसरी मिळणार नाही, हे विभागप्रमुखांनी चहाचा कप खाली ठेवता ठेवता सांगून टाकलं होतं. माळ्यावर निदान काम पुढे सरकत होतं. लहान मुलं 'इकडे' आणि 'तिकडे' कधी आणि कशी म्हणायला लागतात, हा तिचा विषय. बासष्ट मुलांचं बोलणं तिने टेप करून ठेवलं होतं, सगळी परक्यांची मुलं. घरची मुलगी घ्यायची नाही, हा तिचाच नियम. चौथं प्रकरण एका वाक्यावर उभं होतं: पाच वर्षांच्या आतलं मूल आपल्या जागेवरूनच बोलतं, दुसऱ्याच्या जागी जाऊन बघत नाही.

दुपारी पेनातली रिफिल संपली म्हणून ती खाली उतरली. स्टेशनरीच्या दुकानाची पायरी चढते तोच कोपऱ्यावरून सासूबाई येताना दिसल्या. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात मुलगी. सासूबाईंचं सगळं लक्ष रस्त्यातल्या खड्ड्यांकडे होतं. मुलीचं समोर. आई वह्यांच्या गठ्ठ्याआड सरकली, पण गठ्ठा जेमतेम कमरेएवढा.

मुलगी थांबली. तिने सरळ आईकडे बघितलं.

आता लपण्यात अर्थ नव्हता. पोर धावत येऊन गळ्यात पडणार, आणि उद्यापासून माळ्याच्या जिन्यावर चित्रं घेऊन बसणार. तिने पिशवी खांद्यावरून उतरवून पायरीवर ठेवली आणि दोन्ही हात मोकळे केले.

मुलीने आजीचा हात मागे ओढला.

"आजी, इकडून नको. तिकडून जाऊ."

"अगं, तिकडून लांब पडतं."

"पडू दे. माझे पाय नाही दुखत."

"माझे दुखतात त्याचं काय, महाराणी?" असं म्हणत सासूबाई वळल्याच. कोपऱ्यापर्यंत मुलीची मान ताठ होती. तिने एकदाही मागे बघितलं नाही.

रिफिल न घेताच ती वर गेली. चौथ्या प्रकरणातलं ते वाक्य तिने दोनदा वाचलं आणि त्यावर पेन्सिलीने हलकी रेघ मारली. नियमाप्रमाणे घरची मुलगी पुराव्यात धरता येत नव्हती. खोडरबर हाताशीच होतं. थोडा वेळ तिने ते टेबलावर इकडून तिकडे फिरवलं, मग खणात टाकून दिलं.

संध्याकाळी ती नेहमीच्या वेळी घरी आली. सासूबाई स्वयंपाकघरातून गुडघ्यांची तक्रार आपल्या मुलाला ऐकवत होत्या: कार्टीने अख्ख्या चौकाला वळसा घालायला लावला, कारण विचारलं तर तोंडातून चकार शब्द नाही. कार्टी बाहेरच्या खोलीत पालथी पडून रंगवत होती.

"आज कुठे गेला होतात आजी आणि तू?" तिने विचारलं.

"भाजीला." मुलीने हिरवा खडू ठेवून निळा घेतला. "तिकडे तू नव्हतीस."

ती फरशीवर तिच्या शेजारी बसली.

"मग कुठे होते मी?"

"कॉलेजात," विसराळू माणसाला समजवावं तशी मुलगी शांतपणे म्हणाली. मग तिने स्वयंपाकघराकडे बघितलं, आईच्या कानाशी आली आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाली,

"उद्यापण जा हं."