कासवीची नजर

वैनगंगेतल्या बेटावर आम्ही उन्हाळ्यात टरबुजाची वाडी लावतो. पूर्वी तिथं कासवी अंडी घालायला यायच्या. तरुणपणी मी ती उकरून बालाघाटच्या बाजारात विकली, उरली ती खाल्ली. आज लाज वाटते. तेव्हा नुसता ढेकर यायचा.

माझ्या बायकोची, मैनाबाईची, तीन बाळं सव्वा महिन्याच्या आत गेली. "तुम्ही त्या माईचे लेकरं खाल्ले," ती म्हणाली, "मंग आपले कसे जगतीन?"  

त्र्याहत्तर साली अख्ख्या बेटावर एकच कासवी आली. नेमक्या त्याच जागेवर दुसऱ्या दिवसापासून रेतीच्या गाड्या भरायच्या होत्या. मैनानं हट्ट धरला, एवढं तरी वाचवायचंच. आदल्या रात्रीची ती ताजी अंडी आम्ही सकाळीच काढली, झोपडीमागं रेतीत पुरली आणि भोवती काटे लावले.

"याहीले आता माय कोठून आनाव?" मैनाला घोर लागला.

तेव्हा मी शहाणपणा केला. "कीर्तनात आयकलं नाही का? कासवी पिल्लाईले नजरेनंच वाढवते. तूच पाह्यत जाय."

तिनं ते मनावर घेतलं. रोज आंघोळ झाली की ती रेती बाजूला सारायची. एकेक अंडं तळहातावर घेऊन, फिरवून चारी बाजूंनी पाहायची आणि परत ठेवायची. भावाच्या लग्नालाही ती गेली नाही. एवढी सुखात मी तिला कधी पाहिली नव्हती.

जेठ महिन्यात अंड्यांना वास सुटला. फोडली तर आत बोटाच्या पेराएवढी पिल्लं, मेलेली.

म्हातारा नावाडी दुलीचंद मला बाजूला घेऊन म्हणाला, "रेतीत बसलेलं अंडं फिरवलं का मेलं, भोजराज. कासवी तं मांगं वळूनबी पाह्यत नाही."

"पन कीर्तनात तं सांगतेत..."

"कीर्तनवाला कधी रेतीवर झोपला का?"

घरात मैना चुलीपुढं बसली होती. "माह्या नजरेतच खोट हाय का?" तिनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. चूक माझ्या सांगण्यात होती, तिच्या नजरेत नव्हे, असं दहादा सांगितलं.

"हौ," ती म्हणाली.

पोळ्याच्या दिवशी शेजारची शेवंताबाई नवा नातू दाखवायला आली. मैनानं पदर डोळ्यांवर ओढला.

"घेऊन जाय त्याले, बाई," ती म्हणाली. "मी पाह्यलं नाही अजून."