गवताच्या वाटेवरची साखळी

घर घेतलं रे घेतलं की माणसाला आधी कुंपण सुचतं! तुमचं-माझं तरी काय वेगळं आहे? आयटीतल्या देवदत्तने अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यात, समुद्राकाठी घर घेतलं आणि महिन्याभरात खाडीकडे उतरणाऱ्या पायवाटेवर साखळी लावली.

जुलैतल्या एका सकाळी सत्तरीची एक बाई साखळी ओलांडून उतरली आणि दलदलीतलं सुवासिक गवत काडी काडी उपटू लागली. देवदत्तने सरळ पोलिसांना फोन केला. “यार, प्रायव्हेट प्रॉपर्टीचा बोर्ड दिसत नाही का लोकांना!” तो फोन ठेवत पुटपुटला.

महाडहून आलेले त्याचे वडील राजाराम मात्र काठी टेकत तिच्याजवळ गेले. मोडक्या इंग्रजीत गप्पा जमल्या. ती डोना, इथल्या मिगमॉ या मूळनिवासी जमातीची.

“आमच्या पूर्वजांनी गोऱ्यांशी शांततेचे, मैत्रीचे करार केले,” ती म्हणाली. “त्यांत मैत्री दिली, जमीन नाही दिली. वाटा मात्र एकेक करून बंद झाल्या. माझे हात थकलेत. यंदा गवत मिळालं नाही, तर नातीला टोपली विणायला कधी शिकवू?”

राजाराम तिला आपल्या वडिलांची गोष्ट सांगून घरी परतले. ते संतापले होते.

“देवा, फोन कशाला केलास?”

“बाबा, कायदा माझ्या बाजूने आहे. जागेचं डीड माझ्या नावावर आहे.”

“चवदार तळंही खाजगी आहे म्हणून सवर्ण लोक कोर्टात गेलेच होते! त्या पाण्यापायी माझ्या वडिलांचं डोकं फुटलं. दर वीस मार्चला, सत्याग्रहाच्या दिवशी, तू झूमवर भाषण ठोकतोस ना? मग आज तू तळ्याच्या कुठल्या काठावर उभा आहेस रे?”

देवदत्तचा चेहरा खर्रकन उतरला. तेवढ्यात पोलिसांची गाडी आली. तो धावतच बाहेर गेला. “ऑफिसर, चूक माझी आहे. कम्प्लेंट कॅन्सल करतो.” गाडी गेली. त्याने साखळी काढली आणि डोनासमोर जाऊन म्हणाला, “सॉरी. आता केव्हाही या, माझी परमिशन आहे.”

डोना हसली नाही. “परमिशन? तुमच्या आजोबांनी पाण्याला हात लावताना कुणाची परमिशन घेतली होती?”

लाजेने देवदत्तची मान खाली गेली.

वाचकहो, आपल्यावर झालेला अन्याय आपल्याला तोंडपाठ असतो, आपण करतो तो दिसत नाही! दुसऱ्याचा हक्क उपकार म्हणून देऊ नका. तो त्याचाच असतो. आपण फक्त वाटेतून बाजूला व्हायचं असतं.