अस्तराला पडलेला वळ

मित्रांनो, भाताच्या दाण्याएवढा, पोलादी आणि आता म्हातारा झालेला मी एक चाप आहे. शस्त्रक्रिया चालू असताना बारीक रक्तवाहिनी धरून रक्त थोपवायचं, हे माझं काम. ल्युब्लियाना शहरातल्या एका इस्पितळात मी अकरा वर्षं इमानाने राबलो. सूक्ष्मदर्शकातून बघत डॉक्टर ब्रेदाबाई म्हणायच्या, "याची पकड बघा, कशी हलकी आहे!" मी फुगून जायचो.

रक्तवाहिनीला आतून एक अतिशय नाजूक अस्तर असतं. ते शाबूत असेल तर रक्त सुरळीत वाहतं. ते दुखावलं, की रक्त तिथंच गोठतं. हे मला चांगलं ठाऊक होतं.

एकदा शस्त्रक्रियेत मी ऐन वेळी रक्तवाहिनीवरून निसटलो. नंतर मला धुताना झदेन्का सिस्टरने एका छोट्या पकडीने माझी टोकं किंचित दाबून मला घट्ट केलं. "आता कुठं पळशील, लबाडा?" ती हसली. खरं तर सैल पडलेला चाप बाद करायचा असतो. पण तिचा माझ्यावर जीव होता, आणि मलाही भंगारात जायचं नव्हतं.

त्याच आठवड्यात त्सिरिल आला. लाकडं कापताना करवतीत त्याची तर्जनी तुटली होती. "डॉक्टरबाई, पोरीच्या लग्नात अकॉर्डियन मीच वाजवणार आहे हो. बोट तेवढं जोडा!"

ब्रेदाबाईंनी चार तास खपून बोट जोडलं. तासभर मी धमनी घट्ट धरून होतो. मला काढल्यावर बोट गुलाबी झालं आणि सगळे हसले. अस्तर चिरडलंय, हे फक्त मला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी बोट पांढरं पडलं. पुन्हा उघडलं तेव्हा रक्ताची गाठ नेमकी मी चावलो तिथेच सापडली. बाईंनी तो तुकडा कापून मनगटातली शीर घेऊन तिथं जोडून पाहिली, पण बोट गेलं ते गेलंच.

"याला कुणी घट्ट केलं?" मला सूक्ष्मदर्शकाखाली धरून बाईंनी विचारलं.

"मी," झदेन्का म्हणाली. मग मला तळहातावर घेऊन ती त्सिरिलच्या खाटेपाशी गेली आणि रडत सगळं सांगून मोकळी झाली.

त्याने मान उचलून मला निरखून पाहिलं. "एवढासा हा? बरं. आता लग्नात माझा भाऊ वाजवेल. पाहुणे जेवण टाकून पळतील, बघा." त्यावर कुणालाच हसू आलं नाही. मग तो भिंतीकडे तोंड करून पडला.

आता मी काचेच्या डबीत असतो. नव्या डॉक्टरांना मला दाखवतात. मित्रांनो, जुन्या वस्तू नेहमी विनवतात, आम्हाला टाकू नका. मी उलटं सांगतो. ज्या दिवशी मी निसटलो, त्याच दिवशी मला टाकून द्यायला हवं होतं.